चाळणीवरचे चाळीस ग्रॅम

कचऱ्याच्या पिशवीत चाळीस ग्रॅम कमी भरले. चाळणीजवळच्या रजिस्टरमध्ये सहाशे बारा लिहिले होते, वेस्ट स्टोअरच्या काट्यावर पाचशे बहात्तर आले. मी काटा बदलून पाहिला. पाचशे बहात्तरच.

"कचरा कमी भरला म्हणून डेव्हिएशन उघडणार तू?" राऊत सरांनी विचारलं. ते आमचे क्यूए हेड, म्हणजे क्वालिटी खात्याचे प्रमुख.

"हो सर."

"माल कमी भरला असता तर मी समजलो असतो. कचरा आहे तो. जाळायलाच जाणार. हँडलिंग लॉस लिही, सही कर आणि चहा घे."

"हँडलिंग लॉस दोन-तीन ग्रॅमचा असतो, सर."

"मग हात जरा जास्त हलला असेल."

मी चहा घेतला. सही केली नाही.

मी बोईसरला, तारापूर एमआयडीसीतल्या एका बल्क ड्रगच्या कारखान्यात काम करते. बल्क ड्रग म्हणजे औषधाची मूळ पावडर. ती आम्ही बनवतो. तिच्या गोळ्या, सिरप किंवा थेंब दुसरेच कोणीतरी दुसऱ्याच गावी बनवतात. आमच्या ड्रमवर रोगाचं नाव नसतं, बॅच नंबर असतो. पावडर वाळली की चाळणीतून काढतात. जी खाली उतरते तो माल. वर गाठी राहतात तो कचरा. दोन्हींचं वजन लिहायचं आणि बेरीज सुरुवातीच्या वजनाशी जुळवायची. जुळली नाही तर डेव्हिएशन उघडायचं, म्हणजे लेखी चौकशी सुरू करायची. कचरा पिशवीत बांधून ठेवतात आणि महिन्यातून एकदा पुन्हा तोलून जाळायला पाठवतात. ही बॅच होऊन अठरा दिवस झाले होते.

औषधाचं नाव आयबोपामिन. वर्षातून दोन-तीनच छोट्या बॅच निघतात. बाहेरच्या देशातलं एक गिऱ्हाईक ते डोळ्यांच्या थेंबांसाठी घेतं. डोळा तपासायच्या आधी बाहुली मोठी करायला ते थेंब घालतात. पण औषध शोधलं गेलं होतं हृदयासाठी.

ते थोडं सांगायला हवं. हृदय दुबळं झालं की रक्त नीट ढकललं जात नाही. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं, लघवी कमी होते, पाणी अंगात साठतं. पाय सुजतात, आडवं पडलं की धाप लागते. याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. नाव भीतीदायक आहे, पण माणूस त्यात वर्षानुवर्षं जगतो. फारच बिघडलं आणि रक्तदाब उतरला, तर आयसीयूत डोपामिनची ड्रिप लावतात. डोपामिन आपल्या शरीरातही असतं. ते हृदयाला जोर देतं, मूत्रपिंडाकडे रक्त वाढवतं. अडचण एवढीच की डोपामिन तोंडाने घेऊन उपयोग नाही, पोटातून रक्तात जाईपर्यंत त्याची मोडतोड होते. म्हणून काही दशकांपूर्वी तोंडाने घेता येतील अशी डोपामिनसारखी औषधं शोधली गेली. आयबोपामिन त्यातलंच एक.

आता चौकशीकडे. चाळणीवर त्या दिवशी दोन ऑपरेटर होते. रामसूरत आणि हेमंत तामोरे. रामसूरत जौनपूरकडचा, दहा वर्षं इथेच. तो हसला.

"मैडम, कचरा कौन चुराएगा? अच्छा माल तो सामने पड़ा था।"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. हेमंत नवापूरचा. बापाची बोट होती, ती गेल्यावर कारखान्यात लागलेला. कामाला चोख. सहाशे बारा हा आकडा त्याच्याच अक्षरात होता. चोरायचं असतं तर त्यानं पाचशे बहात्तरच लिहिलं असतं. मी त्याच्यावरचा संशय काढून टाकला आणि काट्यांची कॅलिब्रेशनची कागदपत्रं मागवली.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तो डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. ऑपरेटर क्यूएच्या टेबलावर सहसा बसत नाहीत.

"मॅडम, एक इचारू? त्या आयबोपामिनचा डोस किती वाढवता येतो?"

"का?"

"असंच. तुमीच लिवलंय ना बोर्डावर. कमजोर हृदयाचं औषध म्हनून."

मी घास खाली ठेवला.

बोर्डावर खरंच मीच लिहिलं होतं. माझे वडील युनियनचं काम करायचे. सफाळ्याला आमच्या ओटीवर पत्रकांचे गठ्ठे पडलेले असत आणि त्यांच्या घड्या घालायचं काम माझं. त्यामुळे माणसाला त्याच्या कामाबद्दल सगळं कळलं पाहिजे, हे मला कोणी वेगळं शिकवावं लागलं नाही. कारखान्यात लागले तेव्हा पाहिलं, आठ तास मास्क लावून पावडर चाळणाऱ्या माणसाला ती कशाची हे माहीत नाही. मला ते अपमानास्पद वाटलं. अजूनही वाटतं. म्हणून मी दर महिन्याला एका औषधावर मराठीत एक कागद लिहायचे आणि कॅन्टीनबाहेर हात धुवायच्या जागी लावायचे. वर मोठं शीर्षक, 'आपण काय बनवतो?' राऊत सर म्हणायचे, "लावा, पण फरशीवर पाणी सांडू नका."

आयबोपामिनच्या कागदावर मी लिहिलं होतं: डोपामिनची सुई लावावी लागते, हे तोंडाने घेता येतं. कमजोर हृदयाच्या रुग्णांसाठी शोधलेलं औषध. आता डोळ्यांच्या थेंबांत वापरतात.

'आता' का वापरतात, ते लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं. फायलीत होतं. हृदय खूप दुबळं झालेल्या रुग्णांना हे औषध देऊन एक मोठी चाचणी झाली. घेणाऱ्यांत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त माणसं मरू लागली, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. मग हृदयासाठीचा वापर मागे पडला. डोळ्यांचे थेंब राहिले. हे न लिहायला माझ्याकडे कारणही होतं. पत्रकाचा नियम असतो: एक कागद, मोठं अक्षर, एकच मुद्दा. त्यात 'पण' आला की लोक वाचत नाहीत.

"हेमंत, कोण घेतंय?" मी विचारलं.

त्यानं डब्याचं झाकण लावलं.

"माजी आय."

त्याच्या आईचं हृदय दोन वर्षांपासून दुबळं. मागच्या वर्षी पालघरच्या एका हॉस्पिटलात तिला तीन दिवस ड्रिप होती. बाटलीवर डोपामिन लिहिलेलं त्यानं वाचलं होतं. तीन दिवसांत पाय उतरले, ती बसून बोलायला लागली. घरी आल्यावर पुन्हा गोळ्या आणि पुन्हा सूज. मग बोर्डावर तोच शब्द दिसला, वर 'तोंडाने घेता येतं'.

"कचऱ्यात जानारा माल होता, मॅडम. चांगल्याला हात लावला नाय. वजन पन बरोबर लिवलं. मंग पिशवी बांधताना काढला. चार महिन्यांचा."

"मोजलास कसा?"

"मोबाईलवर बगितलं. शंभर मिलिग्रॅम, तीन येळा. एक ग्रॅम काट्यावर घ्यायचा, ताटात पसरायचा, पत्तीनं धा भाग करायचे. बायको कॅलेंडरच्या कागदात पुड्या बांधते."

दाढीच्या पत्तीने केलेले दहा भाग सारखे होत नाहीत. एखादी पुडी दुप्पट असू शकते. शिवाय चाळणीवरच्या गाठी कोणी तपासत नाही. त्यात चाळणीच्या तारेचा तुकडाही असू शकतो. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, पण मी एवढंच विचारलं, "आता डोस वाढवायचा का आहे?"

"पैले बारा-तेरा दिवस एकदम भारी. पाय उतरले. चालत बाजारात गेली. आता छातीत धडधडतं म्हनते. म्हटलं, कमी पडतंय काय."

फर्स्ट शिफ्ट तीनला सुटली. मी माझ्या स्कूटीवरून त्याच्या मोटरसायकलच्या मागे नवापूरला गेले. वाटेत ठरवलं, आधी पुड्या बंद करायच्या, मग डॉक्टर, मग ऑफिस.

त्याची आई घराबाहेर सावलीत बसून सुका जवळा चाळत होती. जवळा म्हणजे अगदी बारीक कोलंबी. चांगली निवडून विकायची. चाळणीखाली उरतो तो भुगा पोल्ट्रीवाला नेतो. बाजूला बांबूवर बोंबील टांगलेले. मला बघून ती म्हणाली, "ही कोन? पगार कापाया आली काय?"

"क्यूएच्या मॅडम हायत, आय."

"मंग कापनारच."

मी तिच्याजवळ बसले. नाडी बघितली. मी डॉक्टर नाही, पण ठोके मोजता येतात. जोरात चालले होते, मध्येच एखादा चुकत होता, मग दोन पाठोपाठ येत होते. डॉक्टरांच्या गोळ्या कुठे आहेत विचारलं. तिनं डब्याकडे बोट केलं. पाकीट अर्ध्यावर थांबलेलं.

"ती पांढरी गोळी घेतली का अंग गळून जातं. सोडली. पावडरीनं बरं वाटतं."

मी तिला समजावलं. हे औषध हृदयाला पळवतं, पण पळवलेलं हृदय लवकर थकतं. असं औषध घेणारी माणसं जास्त दगावली. ती गोळी आज थकवते, पण पुढची वर्षं तीच देते. मी चांगलं बोलते. वडिलांकडून आलेलं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, जवळ्यातला एक खडा काढून फेकला आणि म्हणाली, "म्हंजी बरं वाटतं ते थांबवू आनि वाईट वाटतं ते घेऊ? हे कुठल्या शाळेत शिकवलं तुला?"

"आजी, तुमची नाडी चुकतेय."

"नाडीला काय कळतं? मी चालत बाजारात गेलेली. वर्षानं गेले. तू आली होतीस काय संगाती?"

ती खोटं बोलत नव्हती. सूज उतरली होती हे मला दिसत होतं. मी सांगत होते ते दिसत नव्हतं. किती माणसं दगावली, तिनं विचारलं. मी म्हटलं, आकडा आत्ता तोंडपाठ नाही. ती हसली. "मंग? आमच्यात किलोचा भाव तोंडपाठ असतो, तुमच्यात मेलेल्यांचा आकडा नाय?"

पंधरा मिनिटं गेली. ती उठेना. पुड्यांची पिशवी तिनं मांडीखाली घेतली होती.

शेवटी हेमंत बोलला. तोवर तो दाराला टेकून उभा होता.

"आय, दे ती पिशवी. तो माल चांगला नाय. चाळनीवरचा हाय."

"चाळनीवरचा म्हंजी?"

"चाळून झाल्यावर उरतो तो. कचऱ्यातला. जाळायला जातो."

तिचा हात चाळणीवर थांबला. तिनं आधी समोरच्या भुग्याच्या ढिगाकडे पाहिलं आणि मग मुलाकडे.

"मुडद्या, हे आमी कोंबड्याना घालतो. आनि तू मला घातलंस?"

"आय, मला वाटलं..."

"चाळीस वर्सं बाजारात बसले. गिऱ्हाइकाला चाळनीचा भुगा कंदी घातला नाय. आनि माजा पोर मला आनून घालतो!"

तिनं मांडीखालून पिशवी काढून त्याच्या अंगावर फेकली. मग माझ्याकडे वळली. "चल ग पोरी, कुठं हाय तुजा डॉक्टर?"

औषधशास्त्राला जे जमलं नव्हतं ते कोंबड्यांनी केलं. मी रिक्षा बोलावली.

बोईसरला डॉक्टर चुरी नावाच्या हृदयाच्या डॉक्टर आहेत. त्यांनी ईसीजी काढला. पट्टी लांबवली, पुन्हा बघितली. आई काय घेत होती, ते मी सांगितलं.

"हे कोणी लिहून दिलं?"

मी म्हटलं, "कोणीच नाही. आमच्या प्लांटमधलं आहे."

त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "तुम्ही तिथे काय करता?"

"क्वालिटी बघते."

"बरं," त्या म्हणाल्या. पुन्हा पट्टीकडे वळल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठोके मध्येमध्ये एकदम तीन-चार उड्या मारत होते. असलं मध्येच वाढलं तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो, असं त्यांनी हेमंतला सरळ सांगितलं. आईला लगेच दाखल करून मॉनिटर लावला. हेमंतनं विचारलं, "पन ड्रिपनं बरी झाली होती ना, डॉक्टर? तेच तर औषध."

"ड्रिप दोन-तीन दिवसांची होती. मॉनिटर लावून, थेंब मोजून. बुडणाऱ्याला वर खेचायला दोरी टाकतात. ती गळ्यात बांधून रोज फिरायचं नसतं."

चार दिवस ती आत होती. ठोके हळूहळू जागेवर आले. बंद केलेली पांढरी गोळी पुन्हा सुरू झाली, अगदी कमी डोसपासून. सोबत पाणी काढायची गोळी. पायांना थोडी सूज परत आली.

ऑफिसात मी डेव्हिएशनचा फॉर्म भरला. त्यात रूट कॉज नावाचा रकाना असतो. म्हणजे गडबडीचं मूळ कारण. मी दोन ओळी लिहिल्या. एक, ऑपरेटरने कचऱ्याच्या पिशवीतून माल काढला. दोन, क्यूए विभागाने लावलेल्या सूचनेत औषधाची माहिती अर्धवट होती. सूचना लिहिणारी व्यक्ती मी.

राऊत सरांनी वाचून चष्मा काढला.

"रूट कॉजमध्ये स्वतःचं नाव कोण लिहितं?"

"कारण तेच आहे, सर."

"चोरीची केस आहे. त्याला काढतील, विषय संपेल. तुझ्या दुसऱ्या ओळीनं ऑडिटला लोक मला विचारणार, तुमच्याकडे भिंतीवर औषधोपचार लिहितात काय?"

"त्यानं वजन खरं लिहिलं होतं. चोर खरं वजन लिहीत नाही."

"ते तू लेबर ऑफिसरला सांग."

मी सांगितलं. लेखीही दिलं. हेमंतनं माल नेला हे खरं होतं आणि ते मी लपवलं नाही. कारखान्यातून पावडर घरी जाऊ लागली तर पुढच्या वेळी ती कोणाच्या पोटात जाईल सांगता येत नाही. पण त्यानं ती का नेली, हेही त्याच कागदावर असायला हवं होतं. चौकशी तीन आठवडे चालली. त्याला पंधरा दिवस सस्पेंड केलं आणि नंतर बॉयलरवर टाकलं, जिथे पावडर नाही. मला लेखी ताकीद मिळाली. कचऱ्याची पिशवी आता दोन माणसांसमोर सीलबंद होते. भिंतीवरचे माझे सगळे कागद निघाले, आधीच्या महिन्यांचेही, ज्यांत काही चूक नव्हती. पुन्हा लावायची परवानगी मागितली, मिळाली नाही.

मी ती लढाई अजून सोडलेली नाही. कामगाराला माहिती दिली म्हणून हे घडलं, असं मॅनेजमेंट म्हणतं. मी म्हणते, अर्धी दिली म्हणून घडलं. सध्या दर महिन्याच्या सक्तीच्या ट्रेनिंगमध्ये मी दहा मिनिटं मागून घेते आणि तेच तोंडी सांगते. औषध काय करतं, मग ते कशासाठी वापरत नाहीत आणि का. वेळ जास्त लागतो. दोघं-तिघं झोपतात. रामसूरत प्रश्न विचारतो.

मागच्या आठवड्यात हेमंतची आई बोईसरच्या बाजारात दिसली. पाटी मांडून बसली होती, म्हणजे कोणीतरी तिला आणून बसवलं होतं. पाय थोडे सुजलेले. मी तब्येत विचारली.

"हाय तशीच हाय. डॉक्टरीन गोळी वाढवते, मी घेते. काय फरक नाय." मग जरा पुढे झुकून म्हणाली, "खरं सांगू? पावडर बरी होती. कचऱ्यातली नसती तर सोडली नसती."

संध्याकाळी मी डॉक्टर चुरींना फोन करून हे सांगितलं. पेशंटला गोळीनं काहीच फरक वाटत नाही, म्हटलं.

"पाच महिने झाले ना?" त्यांनी विचारलं. "पाच महिन्यांपूर्वी होती तशीच आहे?"

"हो."

"या आजारात तशीच राहणं म्हणजे गोळी काम करतेय. पुढच्या महिन्यात तपासणीला पाठवून द्या."

हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये सांगून पाहिलं. कोणाला फारसं पटलं नाही. सूज उतरलेली दिसते, लघवी मोजता येते, बाजारापर्यंत चालत गेल्याचं शेजारी सांगतात. न आलेलं मरण कोणाला दाखवता येत नाही. त्याच्यासाठी शेकडो माणसं घेऊन वर्षानुवर्षं मोजत बसावं लागतं, आणि उत्तर आलं तरी ते एकट्या माणसाला त्याच्या अंगात जाणवत नाही. औषधाच्या धंद्यातली सगळ्यात जास्त किमतीची माहिती हीच आहे आणि ती बरं वाटण्यासमोर रोज हरते.